व्हिटनीचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू': अवघड जागा नेमकी कुठली?

जुनी_टेप: गाणं मूळ अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनचं, 1974 सालचं. गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडताना त्याच्या निरोपासाठी तिनं ते लिहिलं. 1992 मध्ये 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टननं गायलं आणि ते बिलबोर्डच्या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 14 आठवडे पहिलं राहिलं. सगळे शेवटच्या चढ्या सुरांबद्दल बोलतात. मला खरी अवघड वाटते ती सुरुवात. साथीला एकही वाद्य नाही, ठेका नाही, नुसता आवाज. तिथं श्वाससुद्धा लपवता येत नाही.

पांढरी_पाच: अजिबात पटत नाही. निघून जाणारं माणूस एवढ्या मोठ्यानं गात नाही. डॉली हळू आवाजात सांगते आणि गळा दाटून येतो. व्हिटनीच्या हरकती ऐकताना मी गळ्याला दाद देतो, पण निरोप मात्र विसरतो.

जुनी_टेप: आवाज वाढतो कुठे ते बघा ना. सॅक्सोफोननंतर तिसरं कडवं येतं, 'तुझं आयुष्य सुखाचं जावो' अशा अर्थाचं. ते ती सांभाळून, दाबून गाते. मग क्षणभर शांतता, ड्रमचा एकच ठोका, आणि गाण्याची पट्टी पांढरी सहामधून पांढरी सातमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या पांढऱ्या पट्टीवर, चढते. शुभेच्छा देऊन झाल्यावर तिचा धीर सुटतो. आधीचा संयम नसता तर तो स्फोट नुसता आरडाओरडा वाटला असता.

रियाज_चालू: स्टेजवर हे गाण्याचा प्रयत्न केलाय म्हणून सांगते. पट्टी बदलल्यावर पहिलाच स्वर लांब आणि भरून लावायचा असतो. आधीच्या कडव्यात दम खर्च झाला असेल तर तिथं आवाज फाटतो. माझा फाटला होता. जोर लावून तो स्वर मिळत नाही, आधी राखून गावं लागतं.

पांढरी_पाच: दमसासाबद्दल वाद नाहीच. पण त्याच तिसऱ्या कडव्याचं बघा. चित्रपटासाठी आधी गायिका लिंडा रॉनस्टॅटची आवृत्ती समोर ठेवली होती, तिच्यात ते कडवं नव्हतं. डॉलीनं स्वतः गाण्याचा निर्माता डेव्हिड फॉस्टरला त्याची आठवण करून दिली. आणि तिच्या मूळ ध्वनिमुद्रणात ती ते गात नाही, बोलते. साध्या बोलण्यात. मला तो निरोप जास्त खरा वाटतो.

जुनी_टेप: बोललेलं कडवं मलाही रडवतं. तरी त्या ठोक्याआधीची शांतता मी सोडणार नाही.