सॉफ्टबॉलच्या मुलींना बेसबॉलची फलंदाजी शिकवावी का?

प्रश्न (खानापूर तालुका)
मी मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या सॉफ्टबॉल संघातील बहुतेक मुली भावंडांबरोबर टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतच मोठ्या झाल्या आहेत. सरावाला मदत करणारे एक सर पूर्वी बेसबॉल खेळत असत. पुढचा पाय उंच उचलून आणि बॅट मागे लांब नेऊन ती किंचित खालून वर फिरवावी, असे ते शिकवतात. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) ठेवलेला चेंडू मुली उत्तम मारतात, परंतु पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, समोर आली की प्रत्येकीची बॅट उशिरा येते. मुलींना वेगळे काही शिकवावे का?

उत्तर १ (टिळकवाडी, बेळगाव)
मॅडम, सरांचे मूळ तंत्र चुकीचे नाही. आधी कंबर वळते, मग हात येतात आणि नजर चेंडूवर राहते, हे दोन्ही खेळांत सारखेच असते. फरक वेळेचा आहे. बेसबॉलमध्ये पिचर 60 फूट 6 इंचांवरून टाकतो, तर महिलांच्या फास्ट पिचमध्ये, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या सॉफ्टबॉलमध्ये, हे अंतर 43 फूट असते; त्यामुळे ताशी 97 किलोमीटर वेगाने आलेला सॉफ्टबॉल फलंदाजाला जेवढा वेळ देतो, तेवढाच वेळ बेसबॉलमध्ये सुमारे 136 किलोमीटर वेगाचा चेंडू देतो, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. एवढ्या वेळात पाय उंच उचलण्याची चैन परवडत नाही. पिचरचा हात वर्तुळात फिरून खाली येऊ लागतानाच मुलीचा पाय अलगद पुढे टेकलेला हवा.

दुसरा फरक चेंडूच्या वाटेचा. बेसबॉलचा पिचर उंचवट्यावरून, खांद्यावरून टाकतो, म्हणून चेंडू उतरत येतो आणि किंचित वर जाणारी बॅट त्याच्या वाटेत जास्त वेळ राहते. सॉफ्टबॉल सपाट जमिनीवरून, कमरेजवळून सुटतो. राइझ बॉल तर वर चढतच येतो, आणि त्याच्याखालून बॅट फिरवणाऱ्या मुलीच्या हाती उंच झेल देण्यापलीकडे काही उरत नाही. छातीच्या वरचा चेंडू सोडून देण्याची सवय आधी लावा.

उत्तर २ (निपाणी)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र उशीर होण्याचे खरे कारण मला क्रिकेटमध्ये दिसते. क्रिकेटमधली नजर टप्प्याची वाट पाहते, आणि येथे टप्पाच नसतो. मुलीचे डोळे होम प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) पुढची माती शोधत असतात, तोवर चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोहोचलेला असतो. टीवरचा सराव कमी करा. जाळीच्या आडोशाला बसून वीस-पंचवीस फुटांवरून टेनिस बॉल खालून टाका आणि चेंडू हातातून सुटताच मुलीला ‘मार’ किंवा ‘सोड’ असे मोठ्याने म्हणायला लावा. सुरुवातीला बॅट फिरवली नाही तरी चालेल. आपल्याकडच्या पावसात मैदान चिखलाचे झाले, तर हा सराव शाळेच्या व्हरांड्यातही होतो.

प्रश्नकर्ती
एक मुलगी डावखुरी आणि अतिशय चपळ आहे. सर तिला धावत धावत चेंडूला नुसती बॅट लावायला सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर १
धावून गाठायचा बेस 60 फुटांवरच असल्याने ते शस्त्र प्रभावी आहे, पण ते नंतर द्यावे. अंगाने बारीक आणि पायाने वेगवान दिसली की मुलीला लगेच त्या कामाला लावतात, हे मला पटत नाही. तिला आधी पूर्ण ताकदीने मारता आले पाहिजे. अन्यथा विरोधी संघाचे इनफिल्डर (जवळचे क्षेत्ररक्षक) चार पावले पुढे येऊन उभे राहतील आणि तिची धाव तिथेच अडेल.