शेपटी नसलेल्या आरसी (रिमोटने उडवायच्या) विमानाचा तोल आणि हाताने उड्डाण

सनबोर्डवाला (प्रश्न)

नमस्कार. सनबोर्ड (फोमचा हलका फलक), कार्बन रॉड आणि पॅकिंग टेप वापरून मी फ्लाइंग विंग प्रकारचे, म्हणजे शेपटी नसलेले विमान घरी बनवले आहे. पंखांचा एकूण विस्तार 1000 मिमी असून पंखाची रुंदी मध्यावर 300 मिमी आणि टोकाला 150 मिमी आहे. पुढची कड झुकत जाऊन टोकाशी नाकाच्या 250 मिमी मागे पोहोचते. मोटर मागच्या कडेला आहे. तीन सेलच्या 180 ग्रॅम बॅटरीसह एकूण वजन 650 ग्रॅम भरते. शेपटीच्या ट्रेनर विमानासाठी सांगतात त्याप्रमाणे पंखाच्या सरासरी रुंदीच्या 30 टक्क्यांवर, म्हणजे नाकापासून सुमारे 180 मिमीवर, तोल साधला आहे. हातातून सुटताच विमान नाक वर काढते, वेग गमावते आणि डावीकडे कलून पडते. एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्ट्या) किंचित खाली केल्यास तेच विमान थेट जमिनीकडे झेपावते. दोष तोलात आहे की फेकण्याच्या पद्धतीत? मी पुण्यात उडवतो.

घारपंखी

दोष मुख्यतः तोलात आहे, आणि तो दूर होईपर्यंत फेकण्याच्या पद्धतीविषयी काहीही ठरवता येणार नाही. शेपटीच्या विमानात मागचा आडवा पंख स्थैर्याचा मोठा वाटा उचलतो, त्यामुळे संपूर्ण विमानाचा तटस्थ बिंदू (ज्याच्या पुढे वजनाचा मध्य असेल तरच विमान स्थिर राहते) बराच मागे सरकतो आणि 30 टक्क्यांवरचा गुरुत्वमध्यही (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) त्याच्या पुढेच राहतो. आपल्या विमानाला तो आधार नाही. येथे तटस्थ बिंदू सरासरी रुंदीच्या जवळपास 25 टक्क्यांवर असतो आणि गुरुत्वमध्य त्याच्या पुढे असलाच पाहिजे. तो मागे गेला की नाक वर जाऊ लागल्यावर वरच जाते आणि खाली जाऊ लागल्यावर खालीच जाते. आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे नेमकी हीच आहेत.

आपल्याच मापांवरून हिशेब करू. सरासरी वायुगतिक रुंदी 233 मिमी येते आणि ती मध्यरेषेपासून 222 मिमीवर असते. त्या जागी पुढची कड नाकाच्या 111 मिमी मागे आहे. म्हणजे तटस्थ बिंदू नाकापासून साधारण 169 मिमीवर येतो, आणि 15 ते 20 टक्के ही सुरक्षित पट्टी 146 ते 158 मिमीच्या दरम्यान पडते. पहिल्या उड्डाणासाठी मी 150 मिमी धरेन. नाक थोडे जड असलेले विमान जडपणे उडते, पण उडते. शेपटी जड असलेल्या विमानाबद्दल तसे म्हणता येत नाही.

गुरुत्वमध्य 30 मिमी पुढे आणायचा, तर 650 ग्रॅमच्या विमानात 180 ग्रॅमची बॅटरी जवळपास 108 मिमी पुढे न्यावी लागेल. बॅटरी उभी ठेवल्यास ती नाकाबाहेर येण्याची शक्यता आहे, म्हणून ती पंखांच्या दिशेने आडवी बसवून पाहावी. तरीही जागा अपुरी पडल्यास ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) पुढे सरकवावेत. शिशाचा तुकडा हा शेवटचा उपाय समजावा, कारण अगदी नाकावर 20 ग्रॅम शिसे लावूनही गुरुत्वमध्य केवळ साडेचार ते साडेपाच मिमी पुढे येतो.

तोल तपासताना पंखांच्या खालच्या बाजूला मध्यरेषेच्या दोन्हीकडे 150 मिमीची खूण करून त्या खुणांवर विमान बोटांवर तोलावे, आणि बॅटरी जागेवर असतानाच तपासावे. डावा-उजवा तोलही पाहावा: नाक आणि मोटरचा मध्य यांवर विमान टेकवल्यावर जे टोक वर जाईल, त्याला तीन-चार ग्रॅमचे नाणे चिकटवावे.

मोकळेरान

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. फेकण्याविषयी थोडे लिहितो.

एलेव्हॉन मध्यावर असताना त्यांची मागची कड पंखाच्या रेषेच्या 2 ते 3 मिमी वर असावी. सनबोर्डच्या सपाट पंखाला नाक वर धरून ठेवण्यासाठी एवढी उचल लागतेच. नंतर ट्रान्समीटरची कांडी स्वतःकडे ओढल्यावर दोन्ही एलेव्हॉन वर जातात का, आणि उजवीकडे नेल्यावर उजवा वर व डावा खाली जातो का, हे विमानाच्या मागे उभे राहून पाहावे. मोटर मागे असली तरी प्रोपेलरवर लिहिलेली अक्षरे विमानाच्या नाकाकडेच असली पाहिजेत. उलटा बसवलेला प्रोपेलर ढकलतो खरा, पण जोर बराच कमी देतो.

डावीकडे कलण्याचे एक कारण मोटरच्या प्रतिक्रियेत आहे. मागून पाहता प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर विमान डावीकडे वळू पाहते, आणि कमी वेगात एलेव्हॉनला त्याला आवरण्याइतकी हवा मिळत नाही. आपल्या वजनाच्या आणि पंखाच्या क्षेत्रफळाच्या विमानाला पुण्याच्या उंचीवर तरंगत राहायला सेकंदाला सुमारे 8 मीटर वेग लागेल, आणि हाताने फेकलेले विमान जेमतेम तेवढ्याच वेगाने निघते. म्हणून समोरून हलका, एकसारखा वारा असलेली सकाळ निवडावी. उन्हाळ्यातील दुपारच्या झोतांत पहिले उड्डाण करू नये.

आधी मोटर बंद ठेवून उंच गवतावर, क्षितिजाला समांतर आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला विमान सोडून पाहावे. ते सरळ, उथळ उतारावर घसरत गेले तर तोल जमला. त्यानंतर मोटरसह सोडताना थ्रॉटल (मोटरचा जोर) साठ-सत्तर टक्के ठेवून पंखाचे टोक धरावे आणि बाजूने अर्धवर्तुळात फिरवून सोडावे. असे धरल्यास फिरता प्रोपेलर हातापासून जवळपास अर्धा मीटर दूर राहतो. मध्यावर मागून धरून फेकण्याची सवय मला धोकादायक वाटते. नाक आकाशाकडे रोखून कधीही सोडू नये. दहा अंशांची चढ पुरेशी आहे.

सनबोर्डवाला

आपणा दोघांचे आभार. बॅटरी आडवी बसवल्यावर तोल 152 मिमीवर आला असून मोटरविना विमान आता सरळ घसरत जाते. मोटरसह सोडण्यापूर्वी स्थैर्यासाठी जायरो (विमानाचे कलणे ओळखून ते आपोआप सावरणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवावा का?

घारपंखी

पहिल्या उड्डाणांत बसवू नये. जायरो विमानाची अस्थिरता झाकून टाकतो, आणि मग गुरुत्वमध्य योग्य जागी आहे की नाही हे कळत नाही. जर्मनीच्या होर्टन बंधूंची शेपटी नसलेली ग्लायडर (इंजिनाविना उडणारी विमाने) 1930च्या दशकात कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मदतीविना उडत होती, आणि पंखाचा पीळ व योग्य जागचा गुरुत्वमध्य यांवरच त्यांचे स्थैर्य अवलंबून होते. त्याऐवजी पुरेशा उंचीवर विमान तीसेक अंश खाली झुकवून कांडी सोडून द्या. ते हळूहळू स्वतः सरळ होऊ लागले, तर बॅटरी आहे तेथेच राहू द्यावी. झटक्याने वर उसळले, तर ती 5 मिमी मागे न्यावी. आणि उतार वाढतच गेला, तर ताबडतोब सावरून खाली उतरावे व बॅटरी पुढे सरकवावी.