सोलापूरहून बाहेरगावी जाताना वाट वाकडी करून खेळावं असं गोल्फ कोर्स कसं शोधता?

गच्चीवरचं_नेट
नमस्कार मंडळी. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा गोल्फ शिकलो, आता चार वर्षं झाली सोलापुरात परत येऊन, घरचा टॉवेल-चादरीचा धंदा बघतो. गच्चीवर क्रिकेटचं जुनं नेट बांधलंय, रोज सकाळी अर्धा तास त्यात बॉल मारतो, पण खरं खेळणं होतं ते धंद्याच्या कामानं बाहेर पडलो तरच. वर्षात फार तर आठ-दहा राउंड. त्यातला एक वाया गेला की पुढचे दोन महिने चुटपुट लागून राहते.

मागच्या एप्रिलमध्ये तेच झालं. नेटवर फोटो बघितले, साडेचार स्टार, पाच तास गाडी चालवून गेलो. पहिल्या ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवला आणि बघतो तर सगळीकडं बोटाएवढी भोकं आणि वर वाळू पसरलेली, चार दिवसांपूर्वीच एरेशन केलेलं. दीड मीटरचं पुट होतं, म्हणजे बॉल जमिनीवरून हलकेच कपात ढकलायचा, लाइन अगदी बरोबर धरली होती, बॉल वाळूवर टुणटुण उड्या मारत कपाच्या बाजूनं निघून गेला. अठराच्या अठरा ग्रीन तसेच. फी मात्र पूर्ण घेतली आणि बुकिंग करताना फोनवर कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून रेटिंगवरचा विश्वास उडालाय. नीट वाचलं तर निम्मे लोक क्लबहाउसचं जेवण नाहीतर लग्नाचं लॉन याबद्दल लिहितात, ग्रीनबद्दल कुणी लिहीतच नाही. तुम्ही कसं ठरवता? पुढच्या महिन्यात दोन दिवस हैदराबादला जायचंय आणि मेमध्ये घरच्यांना घेऊन शिमल्याला.

सात_नंबर_आयर्न
यात विचार कसला करायचा, देशातल्या टॉप टेनची यादी काढायची आणि एकेक करत जायचं. मी तसंच करतो.

निवृत्त_बँकवाला
यादीतले निम्मे क्लब मेंबरशिवाय गेटातून आत सोडत नाहीत, यादी बघून जाणाऱ्याला हे तिथं पोचल्यावर कळतं. दिल्ली गोल्फ क्लब घ्या, आत जुन्या मकबऱ्यांच्या मधून खेळायला मिळतं, बघण्यासारखीच जागा आहे, पण ओळखीचा मेंबर पाहिजे. त्यापेक्षा डीडीएचं (दिल्ली विकास प्राधिकरणाचं) कुतुब गोल्फ कोर्स सरळ, ते सगळ्यांना खुलं. आपल्या बाजूला तसं म्हणाल तर खारघरचं सिडकोचं कोर्स, डोंगराच्या कुशीत आहे, पावसाळ्यात त्या डोंगरावरून पाणी उतरताना दिसतं, मी मुलाकडं गेलो की चुकवत नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ पासूनचा, पण तिथं कुणाचे तरी पाहुणे म्हणूनच जा.

आता तुमचा मूळ प्रश्न. गच्चीवाले, एरेशन केलं म्हणजे कोर्स वाईट असं मनात धरू नका. उलट जिथं ते करतच नाहीत तिथं जाऊ नका. रोज शेकडो पाय आणि मशीन फिरून ग्रीनची माती दाबली जाते, मुळापर्यंत हवा-पाणी पोचत नाही, म्हणून भोकं पाडून वाळू भरतात. दोन-तीन आठवड्यांत गवत भरून येतं आणि मग तेच ग्रीन आधीपेक्षा चांगले चालतात. चूक झाली ती तुम्हाला न सांगण्यात.

म्हणून बुकिंगच्या माणसाला विचारून थांबायचं नाही. फोन करून स्टार्टर (खेळणाऱ्यांना वेळेवर मैदानात सोडणारा) नाहीतर कॅडीमास्टर (बॅग वाहणाऱ्या कॅडींचा प्रमुख) मागायचा. तो रोज पहाटे स्वतः मैदानावर असतो, त्याला सगळं ठाऊक असतं. ग्रीनला शेवटचं एरेशन कधी झालं, पुढचं कधी आहे, आणि आठवड्यात कुठल्या दिवशी स्पर्धा नसते, एवढं विचारा. मी अजून एक विचारतो, "तुमच्याकडचे कॅडी सुट्टीच्या दिवशी कुठल्या होलवर खेळतात?" या प्रश्नाला माणूस खुलतो बघा. एकदा एकानं पंधरा मिनिटं फक्त त्याच्या चौदाव्या होलबद्दल सांगितलं, मी तेवढ्यावर गेलो आणि अजून दोनदा जाऊन आलो. जमलं तर व्हॉट्सअपवर स्कोअरकार्डचा फोटो मागवा. त्यावर बहुधा स्लोप, म्हणजे कोर्स किती अवघड याचा आकडा, दिलेला असतो, ११३ म्हणजे मध्यम, १३० च्या पुढं असेल तर बॉल जास्त घेऊन जायचे.

माहेर_सोलापूर
दादा, हैदराबादला येताय तर गोवळकोंड्याचं कोर्स सोडू नका. नया किल्ल्याच्या तटबंदीच्या आत खेळता तुम्ही, नुसतं बाजूनं नाही. शॉट मारून मान वर केली की समोर काळा दगडी तट. त्याच आवारात ते जुनं गोरखचिंचेचं झाड आहे, हत्तियान का झाड म्हणतात, बुंधा इतका मोठा की आमची सगळी मुलं हात धरून उभी राहिली तरी वेढा पुरा झाला नाही. मी स्वतः खेळत नाही, मिस्टर खेळतात, मी सोबत चालते आणि मला तिथं जाऊन कधी कंटाळा आलेला नाही. बाहेरच्या माणसाला कुठल्या दिवशी घेतात आणि हॅन्डिकॅप सर्टिफिकेट (खेळाडूची पातळी दाखवणारं) लागतं का, ते आधी विचारून घ्या.

गच्चीबावलीकडं बोल्डर हिल्स पण आहे, ते नवीन पद्धतीचं, मोठमोठ्या शिळांच्या मधून. मिस्टरांना ते आवडतं. मला विचाराल तर एकच राउंड असेल तर गोवळकोंडाच. पहाटे चारला निघालात तर नळदुर्ग, उमरगा, झहीराबाद करत सकाळच्या गर्दीच्या आसपास पोचाल, त्यापेक्षा आदल्या दिवशीच या आणि थांबा. येताना कडक भाकरी आणा, इथं मिळते पण तशी नाही.

निवृत्त_बँकवाला
ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. न खेळणाऱ्या माणसाला जिथं चालावंसं वाटतं ते कोर्स चांगलं असतंच.

देवदार_प्रेमी
शिमल्याला जाताय तर नालदेहरा. शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी आवडली होती की धाकट्या मुलीच्या नावात त्यानं नालदेरा घातलं. देवदारांच्या मधून होल जातात, जमीन सगळी उतरती, सपाट उभं राहायला जागा फार कमी. दोन हजार मीटरच्या वर असल्यामुळं हवा विरळ, बॉल लांब जातो, पहिल्या तीन होलवर मी प्रत्येक ग्रीनच्या पलीकडं गेलो. सातच्या जागी आठ नंबरची काठी घ्या, ती बॉल कमी लांब नेते. घरचे झाडांखाली मजेत बसतील.

आणि ताईंच्या बोलण्यावरून आठवलं म्हणून लिहितो. मुलगी एडिनबराला असते, गेल्या वर्षी तिनं सेंट अँड्र्यूजला नेलं. रविवार होता, तिथलं जुनं नावाजलेलं ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतं, मला वाईट वाटत होतं. पण गावातली माणसं त्याच गवतावर कुत्री घेऊन, बाबागाड्या घेऊन फिरत होती, कुणी कुणाला अडवत नव्हतं. मीही पहिल्या होलपासून चालत गेलो, स्विल्कनच्या दगडी पुलावर दोन मिनिटं उभा राहिलो. तिथं सात ग्रीन जोडीचे आहेत, दोन होलना मिळून एक, आणि त्या दोन होलच्या नंबरांची बेरीज दर वेळी १८ येते, लेकीनं आणि मी चालत चालत मोजलं. बाजूलाच द हिमालयाज नावाचं पुटिंगचं मैदान आहे, १८६७ पासूनचं, कुणीही पैसे भरून पुट मारू शकतो, सर्टिफिकेट वगैरे काही नाही. नाव वाचून ऊर भरून आला, खोटं नाही सांगत.

गच्चीवरचं_नेट
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं आज गोवळकोंड्याला फोन लावून कॅडीमास्टर मागितला. ग्रीनचं सगळं व्यवस्थित सांगितलं त्यांनी, बुधवारी सकाळची वेळ मिळाली. तो कॅडींचा प्रश्न पण विचारला, आधी हसले आणि मग तटाच्या कडेच्या एका होलबद्दल असं काही सांगायला लागले की दुकानात गिऱ्हाईक उभं होतं तरी फोन ठेववेना.

ताई, मंगळवारी संध्याकाळीच पोचतोय. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्ही आणतो, चटणी तिखट चालेल ना?