उतरताना पायऱ्याच धरा
इजिप्तमधल्या सिनाई पर्वतावर उंटांच्या वाटेनेच चढा-उतरा, पायऱ्यांत बघण्यासारखं काही नाही, असं काही जण सांगतात. अंधारात चढायला ती वाट बरी, हे मान्य. पण सूर्योदयानंतर उजेडात, बदावी (तिथल्या वाळवंटी अरब जमातीतल्या) वाटाड्याला विचारून, पायऱ्यांनी उतरा. साधारण ३७५० पायऱ्या, पायथ्याच्या सेंट कॅथरिन या ख्रिस्ती मठातल्या साधूंनी रचलेल्या. शिखराखालच्या सुमारे ७५० दोन्ही वाटांना सामायिक, खरी मजा त्यापुढे! बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्या नावाच्या खोलगट माळावर उघड्या लालसर खडकात अचानक सरूची हिरवी झाडं दिसतात. खाली दगडी कमान लागते. पूर्वी तिथे साधू यात्रेकरूंचा पापांचा कबुलीजबाब ऐकून मगच वर सोडत. मी कमानीला हात टेकवून बराच वेळ उभी होते, दगड रात्रीच्या थंडीने अजून गार होता. गुडघे दुखत असतील तर काठी हवीच, पायऱ्या फार उंचसखल आहेत.