अनुभव धागा: ‘हाकला त्या मॅनेजरला!’

नमस्कार मंडळी,

आमच्या फुटबॉल मॅच बघणाऱ्या ग्रुपवर परवा, एका क्लबात नवा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) येऊन तिसऱ्याच सामन्याला ‘ह्याला हाकला’ सुरू झालं. म्हटलं, जरा किस्से गोळा करू. आपण किंवा आपल्या आजूबाजूचे मॅनेजरकडून काय काय मागतात ते लिहा. मँचेस्टर, मडगाव, मंगळवार पेठ, कुठलाही संघ चालेल. क्रिकेटवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

सुरुवात मीच करते. माझा मामेभाऊ मँचेस्टर युनायटेडचा चाहता. २०१३ मध्ये त्यांचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा तो दहावीत होता, त्यामुळे लीग (इंग्लंडची प्रीमियर लीग) ही वर्षाआड घरी येणारी गोष्ट आहे अशी त्याची पक्की समजूत. त्यांच्या जागी आलेल्या मोयेसना सहा वर्षांचा करार दिला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत काढलं, तेव्हा ह्यानं बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मी त्याला सांगून पाहिलं की फर्ग्युसन आले १९८६ ला आणि पहिला चषक मिळाला १९९० मध्ये. मधे १९८९ ला ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनाच ‘जा आता’ म्हणणारा फलक झळकला होता. यावर त्याचं उत्तर, “ताई, तेव्हाचं वेगळं होतं.”

ऑफसाईड: मामेभावाला माझा पाठिंबा. एवढे पौंड ओतून २०२४-२५ मध्ये पंधरावा नंबर येत असेल तर काय आरती ओवाळायची? मात्र आमच्या ग्रुपची मागणी थोडी जास्त आहे हे मान्य. जिंकायचं, तेही आक्रमक खेळून, तेही अकादमीतली पोरं खेळवून. हरल्यावर पत्रकारांसमोर हसला तर ‘लाज नाही’, नाही हसला तर ‘ड्रेसिंग रूम हातची गेली’.

लेस्टरवासी: नोकरीमुळे २०१६-१७ मध्ये इंग्लंडात लेस्टरला होतो. आदल्या मोसमात सट्टेवाल्यांनी ५०००ला १ भाव दिलेला तिथला संघ मॅनेजर रानिएरींनी चॅम्पियन केला. पुढच्या फेब्रुवारीत संघ सतराव्या नंबरावर, खालच्या लीगमध्ये घसरायला एका गुणाचं अंतर, आणि रानिएरींना नारळ. ऑफिसातला माझ्या शेजारचा त्या दिवशी हळहळला, पण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “बरं झालं, वेळेवर झालं.” टेबलावर चॅम्पियन्सचा मग तसाच! नवे मॅनेजर शेक्सपिअरसाहेबांनी लीगचे पहिले पाचही सामने जिंकले. तेही ऑक्टोबरात घरी.

रंकाळाकाठी: आमच्या कोल्हापुरात लीगबिग कुणी मागत नाही हो. पलीकडच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडनं हरायचं नाही, एवढंच. बाकी सगळे सामने हरला तरी चालतंय. आमचे कोच पेठेतलेच, स्वतः खेळलेले, मानधन म्हणाल तर चहापाण्यापुरतं. शाहू स्टेडियमवर एकदा पेनल्टीवर हरलो. दुसऱ्या दिवशी दूध आणायला ते मागच्या बोळातनं गेले, तर तिथंबी एक आजोबा उभे: “काय मास्तर, पाचवी पेनल्टी त्या पोराला कुणी द्यायला सांगितली?” आजोबा मॅचला आलेच नव्हते. परदेशी खेळाडू मोसमापुरते येतात नि जातात, त्यांना कोण बोलणार? मास्तर मात्र रोज सापडतात.

डाव्यापायाचा: मी लंडनच्या आर्सेनलचा. ऑगस्ट २०२१, पहिले तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. होस्टेलवर मॅनेजर आर्तेताचा फोटो डार्टबोर्डवर. मग सलग तीन वर्षं दुसरा नंबर. आता ओरड कशाची? ‘दुसराच का?’

अंधेरी_लोकल: इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी क्लबचा अनुभव देतो. २०२०-२१ ला कोच लोबेरांनी शील्ड (साखळीत पहिला नंबर आल्याची) आणि करंडक (त्यानंतरच्या प्लेऑफ म्हणजे बाद फेरीचा) दोन्ही आणले. पुढच्या वर्षी त्यांच्या जागी बकिंगहॅम आले, संघ पाचवा, प्लेऑफ हुकला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा आपला पहिला भारतीय क्लब ठरला, पण स्टँडमध्ये माझ्या मागे बसणाऱ्या काकांचं एकच पालुपद, “लोबेरा असता तर...” त्याच्या पुढच्या मोसमात बकिंगहॅमचा संघ लीगमध्ये सलग १८ सामने अपराजित राहिला, शील्ड जिंकली. फक्त शेवटचे दोन सामने हरलो, तेही शील्ड खिशात पडल्यावर. म्हटलं आता तरी काका खूश असतील.

“शेवटचे दोन का हरले?”

धागाकर्ती: अंधेरी_लोकल, या काकांना इथे खातं उघडून द्या बघू. आणि गोवेकर कुठे आहेत सगळे?