प्रश्नोपनिषदातला ‘मधुकरराज’: माश्यांची राणी असते, मग राजा कुठून आला?

मीनल_वाचते
आमच्या रविवारच्या वाचनगटात प्रश्नोपनिषद चालू आहे. दुसऱ्या प्रश्नात भार्गव वैदर्भि, म्हणजे आपल्या विदर्भाकडचाच, पिप्पलाद ऋषींना विचारतो की शरीर धरून ठेवणाऱ्या देवांत, म्हणजे वाणी, मन, डोळे, कान अशा शक्तींत, श्रेष्ठ कोण. बाकीचे देव प्राणाचं मोठेपण मानत नाहीत, म्हणून प्राण निघायला लागतो आणि सगळ्यांनाच उठावं लागतं. तिथे दृष्टांत आहे: ‘तद्यथा मक्षिका मधुकरराजानमुत्क्रामन्तं सर्वा एवोत्क्रामन्ते’. राजा उठला की सगळ्या माश्या उठतात, तो बसला की सगळ्या बसतात. पण मोहोळात तर राणी असते ना? आणि ती राणी आहे हे माणसाला कळलं तरी कधी? इथे कुणी मधपेट्या ठेवत असेल तर जरूर लिहा.

हिरड्याखाली
मीनलताई, माझ्याकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या चौदा पेट्या आहेत, महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला. गेल्या फाल्गुनात एका पेटीतून थवा उठला आणि हिरड्याच्या फांदीवर लोंबला. थोड्याच वेळात माश्या बेचैन झाल्या, घोळका सुटला आणि सगळ्या परत पेटीवर येऊन बसायला लागल्या. शोधलं तर राणी पेटीसमोरच्या गवतात पडलेली, एक पंख फाटलेला. तिला उचलून रिकाम्या पेटीत ठेवलं. मग दारावर ज्या माश्या शेपूट वर करून पंख हलवायला लागल्या, त्यांच्या मागोमाग सगळा थवा चालत आत गेला. तुमची ओळ तेव्हा मला माहीत नव्हती. आज वाचली आणि अंगावर काटा आला. ‘तो बसला की सगळ्या बसतात’ हे कुणीतरी डोळ्यांनी पाहूनच लिहिलंय.

चुकलं ते फक्त नर-मादीचं, आणि ते सगळीकडेच चुकलं. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलही राजाच म्हणतो. काही लोक या राजांना ‘आई’ म्हणतात अशी नोंद मात्र करून ठेवतो. रोमन कवी व्हर्जिलने इसवी सनापूर्वी 29च्या सुमारास शेतीवरचं काव्य पुरं केलं. त्याचा चौथा भाग मधमाश्यांवर आहे आणि तिथेही राजाच. थवा उडून जाऊ नये म्हणून राजाचे पंख तोडा, असं तो सांगतो. राणीच्या पंखाचं टोक कापायची पद्धत अजून आहे, म्हणजे सल्ला खरा निघाला! पण राजा गेला की माश्या स्वतःच मध लुटतात, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. राणी मेली आणि नवी तयार झाली नाही तर काही दिवसांनी कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यातून नुसते नर निपजतात आणि वसाहत झिजत जाते. लूट करायला येतात त्या दुसऱ्या पेटीतल्या माश्या.

मादी असल्याचं स्पेनच्या मेंदेस दे तोरेसने 1586मध्ये छापलं, इंग्लंडच्या चार्ल्स बटलरने 1609मध्ये. डच संशोधक स्वामरडामने सूक्ष्मदर्शकाखाली ‘राजा’ चिरला तेव्हा आत अंडाशय निघालं. तो 1680मध्ये वारला आणि त्याचं मोठं पुस्तक छापून आलं 1737-38मध्ये.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जिनिव्हाचा मधमाश्यांचा अभ्यासक ह्यूबर. दृष्टी गेलेला माणूस! त्याचा नोकर ब्यूर्नेन्स डोळे होऊन एकेक माशी बघायचा आणि ह्यूबर प्रश्न विचारत राहायचा. ह्यूबरने वहीच्या पानांसारखी उघडणारी पेटी केली. राणीचं मीलन पेटीबाहेर उडताना होतं, हे त्यांनी दाखवलं, पुस्तक 1792चं. झाडाच्या ढोलीतल्या अंधारात यातलं काय दिसणार होतं? बाहेरून दिसे ते एवढंच: एक मोठी माशी आणि तिच्याभोवती सगळ्या.

शब्दार्थी
योगसूत्र 2.54वरच्या व्यासभाष्यातही हाच दृष्टांत आहे: मधुकरराज उडाला की माश्या मागून उडतात, बसला की बसतात, तशी चित्ताच्या मागे इंद्रियं. तिथे तो प्रत्याहारासाठी, म्हणजे इंद्रियं विषयांपासून मागे वळवण्यासाठी, आलाय. माझी विनंती एवढीच, की मराठी अर्थ लिहिताना ‘राणी’ करू नका. मूळ शब्द राजाच आहे. तो ठेवावा आणि खाली टीप द्यावी.

मीनल_वाचते
टीप नक्की देते. पण मग प्रश्न उरतोच: राणी हुकूम देते का? कारण प्राण तर तिथे सगळ्यांचा धनी आहे.

हिरड्याखाली
नाही ताई. निघायचं ते कामकरी माश्या ठरवतात. आधी तिचं खाणं कमी करतात म्हणजे ती हलकी होऊन उडू शकेल, आणि नवी जागाही त्याच शोधतात. हुकूम तिचा नाही, पण तिच्या वासाशिवाय थवा टिकत नाही. मला तर प्राणाला हेच जास्त शोभतं असं वाटतं. माघ-फाल्गुनात गटाला घेऊन या, पेटी उघडून दाखवतो. काळे कपडे आणि अत्तर तेवढं टाळा.