मदत हवी आहे: लेकीच्या यकृताच्या कसाई (Kasai) ऑपरेशननंतर परत परत ताप, आता यकृत ट्रान्सप्लांटचं बोलतायत. पुण्यातले अनुभवी पालक आहेत का?

नमस्कार मंडळी,

लेक सव्वा वर्षाची. बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्याच बंद. "साधी कावीळ आहे, कोवळ्या उन्हात धरा" यात सुरुवातीचे आठवडे गेले. शी शाडूसारखी पांढुरकी होती. ती बघून दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच दिवशी डायरेक्ट बिलिरुबिन (कावीळ पित्त अडल्यामुळे आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं. दोन महिने पुरे व्हायच्या आत कसाई झालं (बंद नळ्या काढून आतडं थेट यकृताला जोडतात). शी पिवळी झाली म्हणून आजीने पेढे वाटले, हसू नका.

पण कोलांजायटिस (पित्तनळ्यांचा जंतुसंसर्ग) पाठ सोडत नाहीये. ताप, डोळे पिवळे, शी परत फिकट, की भरती आणि शिरेतून अँटिबायोटिक. आतड्यातले जंतू वर यकृतात चढतात म्हणे. आता प्लीहा वाढलीये, प्लेटलेट उतरल्यात, एन्डोस्कोपीत अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा दिसल्या. बिलिरुबिन मात्र फार वाईट नाही. सासरे म्हणतात, "पोर खेळतंय, घाई कशाला?" डॉक्टर म्हणतात, ट्रान्सप्लांटच्या तपासण्या सुरू करा.

खाजेने तर जीव नकोसा केलाय. हातात मोजे घालून झोपवते, तरी कानामागे ओरबाडून रक्त काढते. अर्सो (पित्त वाहतं ठेवायचं औषध) चालू आहे, खाजेसाठी रिफॅम्पिसिन नुकतंच सुरू केलं (लघवी केशरी होते, आधी कोणी सांगितलं नव्हतं!). एमसीटी तेल (पित्त कमी असलं तरी पचणारं) मऊ भातात घातलं की वासानेच तोंड फिरवते.

बिलिरुबिन बरं असताना कोणी ट्रान्सप्लांट केलंय का? पुण्यात करावं की मुंबईला? यकृताचा तुकडा द्यायला रक्तगट माझा जुळतो, नवऱ्याचा नाही. कावीळ उतरवणाऱ्यांचे पत्ते कृपया नकोत, घरात ढीग जमलाय.

प्रतिसाद १ (पिंपरीहून, मुलाचं ट्रान्सप्लांट झालेला बाबा):
ताई, आमचंही असंच होतं. नुसत्या बिलिरुबिनवर ठरत नाही. वारंवार कोलांजायटिस, फुगलेल्या शिरा, खुंटलेली वाढ हे सगळं धरतात. वजनकाट्यावर जाऊ नका, पोटातलं पाणी आणि प्लीहा त्यात लपतात. दंडाचा घेर मोजायला सांगा. एमएमआर, कांजिण्या या जिवंत लसी ट्रान्सप्लांटनंतर सहसा देत नाहीत, तेव्हा लसींचं आत्ताच विचारा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर फोनाफोनी नको, थेट इमर्जन्सी. तापाला आयबुप्रोफेन नको. पुणे की मुंबई? लहान मुलांची टीम कुठे पक्की आहे ते आधी बघा. पण नंतर टॅक्रोलिमसची (शरीराने नवं यकृत नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) रक्तातली पातळी सारखी तपासावी लागते, म्हणून फॉलोअपला जवळचे डॉक्टर हवेतच. पैशांसाठी हॉस्पिटलच्या सोशल वर्करना भेटा, धर्मादाय रुग्णालयात गरीब आणि दुर्बल घटकांसाठी खाटा राखीव असतात.

प्रतिसाद २:
एमसीटी एकदम चमचाभर नको. नाचणी सत्त्व शिजवून उतरवलं की प्रत्येक वाटीत थोडं थोडं जिरवा. ए, डी, ई, के जीवनसत्त्वं चालू आहेत ना? के कमी पडलं तर रक्तस्राव होतो.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार, तुमचा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. जीवनसत्त्वं चालू आहेत. अजून एकच: यकृताचा तुकडा घरात कोणी दिला होता? आणि ऑपरेशननंतर बाळाला कडेवर घ्यायला त्यांना केव्हा परवानगी मिळाली?